साल्हेरची नोट

निफाडच्या शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक रंगनाथ घुमरे गंगापूर रोडवरच्या नाणी-नोटांच्या प्रदर्शनात शिरले, तेव्हा त्यांचा मेहुणा हेमंत एका टेबलामागे उभा राहून लोकांना नवी नोट दाखवत होता. संग्रहासाठी छापलेली शून्य रुपयांची नोट, आणि तिच्यावर साल्हेरचा किल्ला.

रंगनाथांनी नोट हातात घेतली. चित्र त्यांचंच होतं. "हॉलमध्ये लावतो" म्हणून हेमंतने ते मागून नेलं होतं. नोटेच्या कोपऱ्यात मात्र चित्रकार म्हणून हेमंतचं नाव होतं.

हेमंतने त्यांना घाईघाईने बाजूला घेतलं.

"दाजी, रागावू नका. छापणाऱ्याने नाव विचारलं आणि माझ्या तोंडून माझंच निघून गेलं. पुढच्या छपाईला तुमचं टाकतो, शप्पथ."

"नावाचं राहू दे," रंगनाथ म्हणाले. "दरवाजाच्या पायरीवर मी एक बाई काढली होती. ती कुठंय?"

"ती होय? ती काढून टाकायला लावली मी. नोटेवर नुसता किल्लाच शोभतो. आणि एवढ्याशा चित्रात कोण ओळखणार होतं तिला?"

"तू," रंगनाथ म्हणाले. "दम लागून ती त्या पायरीवर बसली, तेव्हा तिला पाणी तूच पाजलंस. तिची शेवटची चढण होती ती. तुझी बहीण होती रे, हेमंत."