सातवा मोर

बितोलाच्या बाजारात नाझिफ उस्ताद रजया शिवायचा. वयाबरोबर हौस निवळली होती. हल्ली साटीनवर नुसत्या सरळ रेघा उमटत. म्हातारी स्तोयना आपल्या लग्नातली रजई दाखवून “नातीच्या लग्नाला अश्शीच हवी,” म्हणाली, तेव्हा तो उखडलाच. “सात मोर? मुंगीला शिरायला जागा नाही! कुठल्या उतावळ्याने शिवली?” “कोपरा बघ की, उस्ताद.” कोपऱ्यात त्याचीच खूण होती. तो ओशाळला. “विशीतलं खूळ, बाई! नातीला साधी शिवतो. अंग टाकलं की झोप.” “नवीन जोडप्याला झोप कशाला? आम्ही भांडलो की पाठ फिरवून मोर मोजायचो. ह्यांचे दरवेळी सहाच भरायचे. सातवा दाखवायला मला वळावंच लागायचं!” उस्ताद पोट धरून हसला. नव्या साटीनवर त्याने खडू टेकवला. “रेघा राहणारच. पण त्यांत एक मोर असा लपवतो, की शोधायला दोघं लागतील.”