शेवटच्या जातीची फोड

कोमट पाण्याने चूळ भरून, फळं चाखून गुण देणाऱ्या वत्सलाबाईंनी चार कुरमुरे चावले आणि पुढची फोड तोंडात टाकली. जुन्या जातीच्या सफरचंदाला दहापैकी चार गुण, नव्या जातीला साडेनऊ. चव जोखणाऱ्या यंत्राचेही गुण तेवढेच होते. ते बाईंच्याच वीस वर्षांच्या गुणांवर शिकलं होतं, आणि तारांच्या आधाराने दाटीने झाडं लावलेल्या बागांत कोणती जात ठेवायची हे आता देशभर तेच ठरवायचं.

शास्त्रज्ञ तन्वीने दोन्ही फोडी चाखल्या.

"बाई, जुन्याला केवढा सुंदर वास आहे. नवं नुसतं कुरकुरीत."

बाईंनी गुणांचा कागद बाजूला सारला.

"मला वास येत नाही," त्या म्हणाल्या. "तापात गेला. नोकरी जाईल म्हणून बोलले नाही. कुरकुरीतपणावरच गुण देत आले."

"कधीपासून?"

"यंत्र यायच्या आधीपासून."

तन्वीने खिडकीबाहेर पाहिलं. यंत्राच्या निकालावर जुन्या जातीची शेवटची रांग गेल्याच आठवड्यात उपटून जाळली होती. तारा मोकळ्या होत्या.

"बिया पेरल्या तर?" बाईंनी विचारलं.

"बियांतून तीच जात येत नाही, बाई. कलमाला फांदी लागते, आणि त्या सगळ्या जळाल्या."

बाईंनी बशीतली जुन्या सफरचंदाची उरलेली शेवटची फोड तिच्यापुढे सरकवली.

"सावकाश खा," त्या म्हणाल्या, "आणि कशी लागते ते मला सांग."