घरट्यावरची होडी

इंगाने वल्ही उचलून आत घेतली आणि होडी बरोबर घरट्याच्या डोक्यावर उभी केली. छाती नुसती धडधडत होती तिची. समोर मोटारबोटीत दोन दांडगे पुरुष गळ घेऊन उभे, आणि मिशिगन सरोवराच्या त्या सबंध कोपऱ्यात चौथं माणूस नाही.

चूक तिचीच होती. मे महिन्यात बास मासे काठच्या पुरुषभर पाण्यात, तळच्या खड्यांमध्ये घरटी करतात. मादी अंडी घालते आणि चालती होते, राखण करत बसतो तो नर. त्याला कुणी त्रास देऊ नये म्हणून इंगाने दुधाच्या रिकाम्या कॅनना दोरी आणि दगड बांधून घरट्याघरट्यावर एकेक तरंगत सोडला होता. गावाला खूण कळली, गाववाले लांबून जायला लागले. बाहेरून आलेल्या या दोघांनाही खूण कळली. मासे नेमके कुठे आहेत, ते! बाईने अगदी ताट वाढूनच ठेवलं होतं म्हणा ना.

"अहो आजीबाई, सरका की जरा!" लाल टोपीवाला ओरडला. "खाणार नाही आम्ही त्याला. धरायचा, फोटो काढायचा, सोडून द्यायचा. कायद्याने चालतं."

"चालतं रे," इंगा म्हणाली. आवाज कापत होता. "पण सकाळपासून दोनदा काढलात तुम्ही याला. तो तुमच्या हातात असतो ना, तेवढ्यात खाली गोबी मासे अंड्यांवर तुटून पडतात. निम्मी खाल्ली त्यांनी. आता काढलात तर एक उरायचं नाही."

"मग चावतो कशाला पुन्हा पुन्हा? हावरट आहे लेकाचा!" दुसरा, दाढीवाला, खदाखदा हसला. "आणि काय हो, मासे धरणाऱ्याला आडवं येणं हा गुन्हा आहे. बोलावू का मासेमारीवरच्या वॉर्डनला?"

खरंच होतं ते. वॉर्डन आला असता तर दंड तिलाच झाला असता. पण त्याहून भीती होती ती या दोघांची. मोटारबोट एकदा जोरात वळवली की तिची होडी पालथी, आणि बर्फ नुकतंच वितळलेलं ते पाणी! जन्मभर शाळेची बस चालवलेली बाई, पोहायला कुठली यायला?

जावं घरी, मरू दे. तिने वल्हं हातात घेतलंसुद्धा. मग खाली नजर गेली. नर होडीच्या सावलीत गोल गोल फिरत होता, ओठ एका बाजूने फाटलेला. गोबी कडेला टपून होते. इंगाने वल्हं ठेवून दिलं.

"बघू तरी, आजी गळाला लागतात का!" लाल टोपीवाल्याने गळ फेकला. रबरी आमिष होडीच्या कडेवर आपटून पाण्यात पडलं. दोघांनी एकमेकांना टाळी दिली. त्याने पुन्हा फेकला. या खेपेला काटा तिच्या कोटाच्या बाहीत रुतला, दोरा ताणला गेला आणि होडी कलली.

इंगा किंचाळली. सुरी कुठे ठेवली तेही आठवेना. तिने तो ताणलेला दोरा धरला, तोंडात घातला आणि दात आवळले. हिरडीतून रक्त आलं तरी सोडला नाही. तटकन दोरा तुटला, होडी हेलकावे खात सरळ झाली.

दोघांचं हसणं बंद झालं.

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला?" दाढीवाला म्हणाला. "चावताय काय!"

इंगाने बाहीने तोंड पुसलं. मग तिने खालच्या पाण्याकडे बोट दाखवलं.

"हावरट नाही रे तो," ती म्हणाली. "माझ्यासारखाच घाबरलाय."