हाताला गुण

"परत शेपूट!" नईम स्क्रीनकडे बघत वैतागून म्हणाला.

रेषा झरझर वर चढायची, टोक गाठायची आणि उतरताना मात्र पाय ओढत, रेंगाळत खाली यायची. चढ आणि उतार सारखा आला तरच औषधाच्या पावडरीची बॅच पास. मोहोळ रस्त्यावरच्या त्या कारखान्यात या उंचवट्याला 'पीक' म्हणत. पीक बिघडलंय, असं नईमनं घरी सांगितलं तेव्हा अम्मीनं विचारलं होतं, "बेटा, अपना खेत किधर है?" एरवी तो पोट धरून हसला असता.

आता हसणार कसा? शिकाऊ दोघं, तो आणि रुद्राणी. कायमची जागा एकच. गुरुबसप्पा सर आज नाव ठरवणार होते.

त्यानं करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. मशीनमधली नळी, म्हणजे कॉलम, आधी धुतला, मग नवा घातला. द्रावण नव्यानं बनवलं. सगळे जोड घट्ट केले. नमुना पातळ करून पाहिला. शेपूट काही हटेना. जिचं पीक हमखास सरळ येतं ती तुलनेची शुद्ध पावडर घालून बघावी म्हटलं, तर ती रुद्राणीच्या ताब्यात.

"संपली की ती," रुद्राणी म्हणाली. "पुण्याहून यायचीय."

डोकं चक्रावून टाकणारी गोष्ट वेगळीच होती. हीच पावडर सकाळी याच मशीनवर रुद्राणीनं लावली होती, आणि तिचं पीक एकदम सरळ आलं होतं. आपल्या आधी ही मशीनला काही करून तर जात नाही? हा विचार मनात आला आणि नईमला स्वतःचीच लाज वाटली. दुपारी तिनंच आग्रहानं त्याला शेंगाचटणी वाढली होती.

गुरुबसप्पा सर आत आले. "काय रे नईम, माल न्यायला गाडी गेटला उभी हाय की! झालं का न्हाय?"

"सर, समजंना झालंय. सगळं करून बघितलं."

"मी बघू का, सर?" रुद्राणी पुढं झाली. "नईमभाई, तुमचंच द्रावण भरून द्या. तुमी जरा चहा घेऊन या, लई वेळ बसलाय."

नईमनं आपल्या हातानं इवलीशी काचेची वायल भरली, झाकण दाबून बसवलं आणि तिच्या हातात दिली. सरांबरोबर तो कँटीनला गेला.

परत आले तेव्हा स्क्रीनवर देखणं पीक उभं होतं. जसा चढ, तसाच उतार.

"बघ!" सर खूश झाले. "मशीन तेच, द्रावण तुझंच. बाबा, हाताला गुण लागतो." त्यांनी तिथंच गेटला फोन करून गाडी सोडायला सांगितली. मग रुद्राणीकडे वळून म्हणाले, "कायमची ऑर्डर उद्या घेऊन जा."

सर गेल्यावर रुद्राणी अवघडून म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका. हात हलका ठेवायचा, बस. तुमाला बी जमंल."

"मुबारक हो," नईम म्हणाला, आणि ते त्यानं मनापासून म्हटलं. दोष मशीनचा नव्हता, पावडरीचा नव्हता, रुद्राणीचा तर नव्हताच. आपल्याच हातात काहीतरी कमी आहे, हे त्याला पटलं आणि फार वाईट वाटलं.

रुद्राणी पेढे आणायला गेली. जाण्याआधी पसारा तरी आवरावा म्हणून नईम ट्रेमधल्या वायल उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकू लागला. मशीनची सुई झाकणाच्या रबरातूनच आत शिरते, त्यामुळे प्रत्येक झाकणावर बारीक भोक पडलेलं. शेवटी हाती आली ती त्यानं रुद्राणीला भरून दिलेली वायल. टाकता टाकता तो थांबला. ती खिडकीच्या उजेडात धरून त्यानं पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली.

तिच्या झाकणाला भोकच नव्हतं.