आधी माझं खोपट

"ज्यांची डुकरं धडधाकट, त्यांना आधी टोचतो. तापाची असतील ती शेवटी," एकलहऱ्याच्या वाटेवरच्या वस्तीला गुरांच्या डॉक्टरांनी बजावलं. "सुई एकच आणलीय. एकाचा रोग दुसऱ्याला नको. या तापामागून आणखी रोग घुसतात, मग डुकरांची खोपटंच्या खोपटं रिकामी होतात."

"फुलाबाईपासून घ्या," चारचौघं म्हणाली, आणि लंकाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. झालंच! कालपरवा लग्न होऊन आलेली धाकटी जाऊ, तिच्या डुकरिणीनं अकरा पिल्लं काय घातली, जिथं तिथं तिचंच नाव आधी. अन् ती पिल्लं ज्या नराची, तो नर कोणाचा? लंकाबाईचा! तिच्या स्वतःच्या दोन डुकरिणी मात्र कालपासून तापानं पडून होत्या, पाण्यालाही उठत नव्हत्या. हे तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. फुली येऊन हळहळली असती, ते लंकाबाईला मरणाहून वाईट.

"थोरली मी हाय," ती पुढं झाली. "आधी माझं खोपट."

"सगळी बरी आहेत ना?"

"नसायला काय झालं?"

धावत जाऊन तिनं काठीनं ढोसून दोघींना उभं केलं. डॉक्टर घाईत होते. त्यांनी टोचलं आणि ते निघाले. लंकाबाईही पदर खोचून, ताठ मानेनं त्यांच्यामागून शेजारच्या फुलाबाईच्या खोपटापाशी आली. पहिला मान तर आपला झाला!

फुलाबाईनं अकरांतलं सगळ्यांत गुबगुबीत पिल्लू उचललं. त्याच्या गळ्यात लाल दोरा होता.

"आधी हे टोचा, डॉक्टर. ज्याचा नर, त्याला एक पिल्लू द्यायची आमच्यात रीत हाय. अक्कांसाठी मी हेच राखलंय, खुणेला दोरा बांधून. लय गुणाचं हाय."

डॉक्टरांनी तीच सुई पुसली, औषध भरलं, पिल्लाचा कान धरला.

"थांबा!" लंकाबाई ओरडली. "सुई उकळून घ्या आधी. चूल पेटलीय माझी."

"का वं, अक्का?"

लंकाबाईनं सुईसाठी हात पुढं केला. फुलाबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग तिच्या खोपटाकडं. दोन्ही डुकरिणी पुन्हा आडव्या झाल्या होत्या.

फुलाबाईनं पिल्लाच्या गळ्यातला लाल दोरा दातानं तोडला आणि पिल्लू पदराखाली घेतलं.