वीतभर टोकं

साडी संपली. शेवटचा धोटा पल्याड गेला, मार्तंडरावांनी फणी दोनदा आपटली आणि गुडघे धरत धरत मागाच्या खड्ड्यातून वर आले. बाहेर गोळीबार चौकात हॉर्न वाजत होते.

दारात ताराचंद मिस्त्री लोखंडी सब्बल घेऊन उभा. त्याला सुशीलनं, म्हणजे मुलानं, बोलावलं होतं. साडी उतरली की माग मोडायचा, खड्डा बुजवायचा, वर फरशी. मार्तंडरावांनीच हो म्हटलं होतं, मग आता तोंड पाडून काय उपयोग? गुडघे गेले, बायको गेली. करवतीच्या दात्यांसारखा हा करवत काठ एकट्यानं निघत नाही, बाजूला दुसरं माणूस लागतं. सून मिनल बाजूला बसून काठाचा धोटा फेकायची, म्हणून ही एवढी साडी तरी निघाली.

"कापा बाबा," सुशील म्हणाला. "मिस्त्रीले अजून सावनेरले जा लागते."

मार्तंडरावांनी कात्री चालवली, ती मिनलच्या हातात दिली आणि साडी छातीशी धरली. तेवढ्यात ताराचंद फसकन हसला.

साडी कापताना विणकर फणीपाशी ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, वीतभर टोकं ठेवतो. पुढच्या साडीचा ताणा त्या टोकांना तारेला तार बांधून जोडायचा असतो. पण इथं पुढची साडी होतीच कुठं? आणि मागावर तर टोकं लोंबत होती. नीट, सारखी, पन्नास वर्षं ठेवली तशीच.

"हे काहून ठेवलं बाबा?" सुशील म्हणाला. "माग मोडून राहिलो ना आपण!"

"चुकलं गा." मार्तंडराव कानापर्यंत लाल झाले. जित्याची खोड, दुसरं काय! "आण वं ती कात्री, कापून टाकतो."

मिनलनं कात्री दिली नाही. ओढणी कमरेला खोचली, सासऱ्यांच्या जागेवर बसली आणि खड्ड्यात पाय सोडले.

"हे काय वं पोरी?"

"मामाजी, ही टोकं गेली का सारंच गेलं. फणीतून एकेक तार पुन्हा ओवाले मले नाही येत. गाठी तुम्ही शिकवा. नवा ताणा मी मोहाडीच्या ताणेवाल्याले सांगून ठेवला आहे."

"मले न विचारता?" सुशील म्हणाला.

"खड्डा बुजवायचं तुम्ही मले विचारलं होतं का?"

ताराचंद छताकडं बघू लागला.

"बाप्पा! दोन हजारावर तार आहेत," मार्तंडराव म्हणाले. "एक गाठ सुटली का काठ वाकडा. रडशील. मी रडलो होतो."

"मग रडीन. तुम्ही बाजूले बसून धोटा फेका. त्याले खड्ड्यात उतरा लागत नाही."

मार्तंडराव तिच्याकडं पाहत राहिले. बसली होती खरी, पण पोरगी उंच. गुडघे वर मागाच्या दांडीला टेकले होते. खड्डा त्यांच्या पायांच्या मापानं खणलेला होता.

"ताराचंद," ते म्हणाले, "आण गा ती सब्बल. खड्डा जरा खोल करून दे. हिचे पाय लांब आहेत."