जानीची चौथी पायरी

"सर, टॅब नेऊ नका हो. वर्गात जानीला अजून नऊ अधिक चार येत नाही," लतिकाबाई म्हणाल्या.

फिरते विशेष शिक्षक एकनाथ सरांनी टॅब त्यांच्यापुढे धरला. "हा काय म्हणतोय बघा. मोजणी, बेरीज, वजाबाकी, गुणाकार. चारही पायऱ्या पार, शेकडा एक्याण्णव गुण. चौथी पायरी ओलांडली की टॅब बंद, माझी आठवड्याची फेरीही बंद. वरून ठरलंय, मॅडम. माझ्या हातात काही नाही."

पाचवीचा वर्ग अपूर्णांक सोडवत होता. जानी खिडकीतून बकऱ्या बघत होती. आशागडजवळच्या पाड्यावरची ही पोर, गतिमंद असल्याचा दाखला असलेली. चित्रं दाखवून, बोलून गणित शिकवणारा हा टॅब जूनमध्ये तिच्यासाठी आला. वर्गात ती त्यावरचं माशाचं चित्र तेवढं दाबत बसे. शेवटी बाई दर शनिवारी तो घरी देऊ लागल्या, आणि सोमवारी गुण बघून चाटच पडल्या.

शंका त्यांनाही आली होती. जानीच्या आईला, रखमीला, त्यांनी विचारलंही होतं, "घरी कोण सोडवून देतं?"

"आमचे घरात शालेत कोन गेलाय, बाई?"

तेही खरंच. टॅब पहिल्यांदा नेताना रखमीने अंगठाच उठवला होता. मग बाईंनी मनाची समजूत घातली, पोर गलक्याला बुजते, घरी खुलते. आशा वेडी असते म्हणतात. बाईंची तर ठार वेडी होती. टॅबच्या काचेवर चिकूच्या चिकाचे काळे डाग पडलेले असत, त्यावरून त्या जानीला ओरडायच्या, एवढंच.

निरोप मिळाला तशी रखमी चिकूच्या वाडीतून थेट शाळेत आली.

"पोरगी हुशार झाली तुमची," सर हसून म्हणाले. "आता हा टॅब तलासरीच्या एका मुलाला जाईल. मीही येणार नाही."

रखमीचा चेहरा उतरला. तिने एकदा जानीकडे पाहिलं.

टॅब परत केल्याच्या कागदावर अंगठा घ्यायला बाईंनी शाईचं पॅड पुढे सरकवलं. त्यांना स्वतःचाच राग येत होता. दर सोमवारी ते गुण कौतुकाने वर कळवले होते ते त्यांनीच.

रखमीने अंगठा पुढे केला नाही. "जानीची मदत नका बंद करू, बाई. तिला काय नाय येत."

"मग हे एक्याण्णव?"

रखमीने चिकाने काळी पडलेली बोटं पदरात लपवली.

"भागाकार राहिला माझा," ती म्हणाली.